घरच्या माणसांची यादी

फुलचूरच्या मनिरामजी कापगत्यांच्या घरी चोरी झाली, तेव्हा चोराने फक्त कुलूप नेलं.

गेटच्या कडीला दिवसभर उघडं लटकत राहणारं, मुठीएवढं पितळी कुलूप. आत अंगणात स्कूटर उभी होती, दोरीवर रुख्माबाईंची नवी साडी वाळत होती, पायरीवर पाण्याचा घडा आणि त्यावर लोटा होता. चोराने कशालाही बोट लावलं नाही. कुलूप तेवढं काढलं आणि गेला. किल्ली मनिरामजींच्या खिशात तशीच राहिली आणि तेच त्यांना जास्त लागलं. बिनकुलपाच्या किल्लीला निवृत्त अधिकाऱ्याच्या सहीइतकाच मान असतो, आणि मनिरामजी पाटबंधाऱ्यातून शाखा अभियंता म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते.

दुसरा कोणी असता तर नवं कुलूप आणून मोकळा झाला असता. मनिरामजी ठाण्यात गेले.

"काय गेलं?" हवालदार उदारामजींनी विचारलं.

"कुलूप."

"कुलूप तोडून काय गेलं?"

"तोडलं नाही. कुलूपच गेलं."

"मंग घरातून काय गेलं?"

"काही नाही."

उदारामजींनी पेन पुन्हा कानावर ठेवला. "कापगते साहेब, हे चोरी नाही. हे चोराची तयारी आहे. तयारीची रिपोर्ट आमाले घेता येत नाही. तुमी कॅमेरे लावा. पुढच्या टायमाले चोरी झाली का फुटेज घेऊन या."

'पुढच्या टायमाले' हे शब्द मनिरामजींच्या कानात घरी येईपर्यंत घुमत राहिले. सरकारनेच जिथे पुढची चोरी गृहीत धरली, तिथे नागरिकाने गाफील राहणं बरं नव्हे. त्यांनी कपाटातून आलेख कागदाची जुनी गुंडाळी काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली.

इथे एक सांगायला हवं. मनिरामजी मूळचे केशोरीचे, जातीने कोहळी. त्यांच्या घराण्यात तलाव बांधायची परंपरा. पणजोबा म्हणे बांधावर उभं राहून नुसत्या नजरेने पाण्याचा उतार सांगायचे, आणि पाणी मुकाट्याने तसंच वाहायचं. मनिरामजींना नजरेचं ते वरदान मिळालं नव्हतं. त्याची भरपाई त्यांनी आयुष्यभर नकाशे काढून केली. कॅमेऱ्यांचा नकाशा काढायला त्यांना सहा दिवस लागले. पाटबंधाऱ्याच्या भाषेत त्यात गेटचं लाभक्षेत्र होतं, मागच्या भिंतीचं लाभक्षेत्र होतं आणि दोन्हींच्या मधला 'असिंचित' भाग लाल पेन्सिलीने रंगवला होता. त्या असिंचित भागात रुख्माबाईंचं स्वयंपाकघर येत होतं.

"तथी कॅमेरा लावला तर मी जेवण बनवणार नाही," रुख्माबाई म्हणाल्या. नकाशात झालेला हा पहिला बदल.

काम करायला कुडव्याहून गुड्डू आला. चाळिशीतला माणूस. त्याच्या दुकानात मोटारी वाइंडिंग होत, लग्नाचे भोंगे भाड्याने मिळत आणि अलीकडे पाटीवर 'स्मार्ट होम' हेही आलं होतं. त्याने नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"साब, प्लान तो एक नंबर है. पर कॅमेरा म्हणजे सिर्फ आँख. आँख ने चोर देख लिया, फिर? हाथ-पाँव भी तो होना ना घर को."

घराला हातपाय हवेत, ही कल्पना मनिरामजींना एकदम पटली. मग गेटला मोटर बसली. माणूस आला की गेट आपोआप सरकणार. दिवे, पंखे, वरच्या टाकीचा पंप, गच्चीवर भोंगा, हे सगळं कॅमेऱ्यांशी जोडलं गेलं आणि कॅमेरे मनिरामजींच्या मोबाइलशी. हॉलमध्ये एक गोल डबी आली. तिच्याशी बोललं की घर ऐकणार होतं.

घर ऐकायचं, पण हिंदी. गुड्डूने तेवढीच भाषा घातली होती, दुसरी घालायला गेलं की डबी बंद पडायची. रुख्माबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "लाइट इझव." डबी म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझी नहीं." त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. डबीने पुन्हा माफी मागितली. तिसऱ्या वेळी रुख्माबाई उठल्या, बटणापाशी गेल्या आणि दिवा बंद करून परत आल्या.

"पस्तीस वर्षं तुमच्याशी बोलून राहिली, तुमाले समजत नाही. याले काय समजंल?"

मनिरामजी मात्र निष्ठेने हिंदी बोलू लागले. शेजारच्या राहांगडाले सरांनी एकदा खिडकीतून ऐकलं, तर हे रिकाम्या खोलीत उभे राहून अजिजीने म्हणत होते, "पंखा थोडा धीमा कीजिए."

पहिल्या पंधरवड्यात किरकोळ अडचणी आल्या. गुड्डूने कुठलीशी तार कुठेतरी जोडल्यामुळे गेटवर माणूस आला की पंप सुरू व्हायचा. पोस्टमन, भाजीवाली, वर्गणीवाले असे सगळे एकाच सकाळी आले आणि टाकी तीनदा ओसंडली. आयुष्यभर लोकांना पाण्याचं नियोजन शिकवलेल्या माणसाच्या गच्चीवरून पाण्याची धार पडताना पाहून गल्लीतली माणसं थांबत. माकडांचा एक कळप आला तेव्हा मोबाइलने अठरा अनोळखी इसम घरात शिरल्याची सूचना दिली. मनिरामजी तेव्हा दवाखान्यात रक्तदाब मोजून घेत होते. डॉक्टरांनी तो आकडा पुन्हा मोजला.

सल्ले येत होतेच. राहांगडाले सर निवृत्त गणित शिक्षक. त्यांच्या मते कॅमेऱ्याचं तोंड ईशान्येला असलं की नजर शुद्ध राहते. समोरच्या मंदाबाईंचं म्हणणं निराळं होतं. कॅमेऱ्याचं तोंड कुठेही असो, त्यांच्या अंगणात नको. त्या तिथे दुपारी केस सोडून बसत. "मी का सिनेमा आवो का?" असं त्यांनी भर गल्लीत विचारलं, आणि कॅमेरा दोन बोटं डावीकडे वळला. पुण्याहून मुलगा पीयूष फोनवर म्हणाला, "बाबा, एवढं सगळं कशाला? एक कुलूप घ्या ना." त्याला परिस्थितीचं गांभीर्य कळत नाही, असा निर्णय मनिरामजींनी घेतला.

खरी अडचण आली ती यादीची.

यंत्रणेत माणसांचे चेहरे भरायची सोय होती. ओळखीचा चेहरा आला की गेट सरकायचं. अनोळखी आला की बंद राहायचं आणि गेटवरच्या खोक्यातून एका बाईचा गोड पण कडक आवाज यायचा, "अनजान व्यक्ति. आप कैमरे की निगरानी में हैं. कृपया गेट से दूर रहें." चेहऱ्यांसाठी जागा फक्त आठ. त्यांना नाव दिलं होतं 'घर के लोग'.

मनिरामजींनी विचारपूर्वक यादी केली. ते स्वतः, रुख्माबाई, पीयूष, थोरली बहीण शांतीबाई, रुख्माबाईंचा भाऊ, दूधवाला, आणि देखभालीसाठी गुड्डू. सात झाले. आठवी जागा त्यांनी राखीव ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहांगडाले सर नेहमीप्रमाणे पेपर वाचायला आले. अकरा वर्षं ते या घरी पेपर वाचत होते. खोक्यातली बाई त्यांना गल्लीदेखत 'अनजान व्यक्ति' म्हणाली. सर जागच्या जागी वळले आणि घरी गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी मनिरामजी त्यांच्याकडे पेपर घेऊन गेले आणि राखीव जागा देऊन आले.

ते मंदाबाईंना कळलं.

"मास्तर घरचा, अन् मी अनजान?" गेटच्या बाहेर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमच्या पीयूषले गोवर निघाला तवा त्याच्या उशाशी कोण बसलं होतं? मास्तर का?"

खोक्यातल्या बाईने त्यांनाही दूर राहायला सांगितलं. "तू चूप राय वो," मंदाबाई खोक्याला म्हणाल्या.

आता कुणाला तरी काढणं भाग होतं. मनिरामजी मोबाइल घेऊन बसले. दूधवाल्याला काढलं तर दूध गल्लीत राहील. गुड्डूला काढलं तर बिघाड झाल्यावर तो आत येणार कसा? रुख्माबाईंच्या भावाच्या फोटोवर त्यांचं बोट बराच वेळ घुटमळलं. पण पस्तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव असल्यामुळे ते तिथून पुढे सरकलं. आणि शांतीबाईंवर येऊन थांबलं.

शांतीबाई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा मनिराम चार वर्षांचे होते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बहीण त्यांना कडेवर घेऊन भाताच्या बांधीत जायची, बांधावर बसवायची आणि चिखलात उभी राहून त्यांना गोष्टी सांगत रोवणी करायची. शाळेत त्यांना तीच घेऊन गेली. स्वतः कधी गेली नाही. लग्न गावातच झालं. भाऊ शिकून बाहेर पडेपर्यंत ती दोन घरांचा स्वयंपाक करत होती. आता नवरा नव्हता, मुलगा हिमांशु धानाची शेती पाहायचा. वर्षातून दोनदा त्या फुलचूरला यायच्या. एकदा उन्हाळ्यात, आणि एकदा धान निघाल्यावर नवा तांदूळ घेऊन.

वर्षातून दोनदा, मनिरामजींनी मनाशी हिशेब केला. यायच्या आधी हिमांशु फोन करतोच. फोन आला की परत घालू.

मोबाइलने विचारलं, "क्या आप इस व्यक्ति को हटाना चाहते हैं?"

मनिरामजींनी 'हाँ' दाबलं. मंदाबाई घरच्या झाल्या.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. गल्लीतली माणसं आपापले नातलग आणून गेट सरकताना दाखवू लागली. मनिरामजी खुर्ची टाकून अंगणात बसत आणि चोराची वाट पाहत. चोर आला नाही. त्याऐवजी एका मोटरसायकलवाल्याने मंदाबाईंच्या बकरीला धक्का दिला आणि पळून गेला. बकरी लंगडली. हे सगळं मनिरामजींच्या कॅमेऱ्यात आलं.

मंदाबाईंनी तक्रार केली आणि ठाण्याने मनिरामजींना फुटेज घेऊन बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पेनड्राइव्ह ठाण्यातल्या संगणकाने ओळखला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा पेनड्राइव्ह नेला. तो ओळखला, पण सोबत अर्ज हवा होता, की यंत्र माझं आहे, चालू आहे आणि त्यात मी काही फेरफार केलेला नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज नेला, तर संगणकच बंद होता. "मोबाइलवरच दाखवा ना साहेब," उदारामजी म्हणाले.

डिसेंबरची दुपार होती. रुख्माबाई कुडव्याला एका बारशाला गेल्या होत्या. मंदाबाई बकरी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात. राहांगडाले सर जेवून झोपले होते. ठाण्यात मनिरामजींच्या भोवती चार-पाच शिपाई जमले. बकरी आली, मोटरसायकल आली, धक्का बसला. सगळ्यांनी तीनदा पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "पिक्चर एकदम साफ आहे हो." मनिरामजींना चौतीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हणालं नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. 'अनजान व्यक्ति गेट पर है.'

"हे पाहा," मनिरामजी म्हणाले, "आता प्रत्यक्षच पाहा."

चष्मा त्यांनी अर्जावर सही करून झाल्यावर काढून टेबलावर ठेवला होता. पडद्यावर वरून दिसत होतं, एक बाई. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. गेटला हात लावून उभी.

"कोण आहे?" उदारामजींनी विचारलं.

"असंल कोणी. मागणारी, नाहीतर विकणारी," मनिरामजी म्हणाले. "गेट उघडत नाही, तरी हटत नाही, बघा. पण उपाय आहे." त्यांनी लाल बटण सगळ्यांना दाखवलं आणि दाबलं.

गच्चीवरचा भोंगा वाजला. मोबाइलमधून तो बारीक ऐकू आला. पडद्यावरची बाई दचकून मागे सरकली, तिच्या हातची पिशवी पडली. शिपाई हसले. एकजण म्हणाला, "वा साहेब, घरी नसून घरी."

मनिरामजींनी मोबाइल खिशात ठेवला. कुणीतरी चहा सांगितला आणि त्यांनी तो घेतला.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. रुख्माबाईही त्याच वेळी ऑटोतून उतरल्या. गेट सरकलं नाही. गुड्डूने सांगितलं होतं तेच झालं होतं. भोंगा वाजला की सहा तास 'सुरक्षा मोड', मग ओळखीचा असो की नसो. बाजूच्या छोट्या दाराची किल्ली रुख्माबाईंकडे होती. ते दार मनिरामजींनी नकाशात 'रद्द' असं लिहून स्कूटर लावून अडवलं होतं. दोघं तिरके होऊन आत शिरले. रुख्माबाई मात्र पुन्हा बाहेर गेल्या. रस्त्यावर गेटसमोर चिमण्या जमल्या होत्या. रुख्माबाई खाली वाकल्या, मातीतून तांदळाचे चार दाणे उचलले आणि नाकाशी नेले.

"हा चिन्नोर आहे," त्या म्हणाल्या. "नवा." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कोण आलं होतं?"

 मनिरामजींनी हॉलमधला टीव्ही लावला, चष्मा घातला आणि दुपारचं फुटेज काढलं. टीव्हीवर बोलणंही ऐकू येत होतं.

ऑटोतून शांतीबाई उतरल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हसत गेटपाशी आल्या. "रुख्मा वो," त्यांनी हाक मारली.

"अनजान व्यक्ति," खोक्यातली बाई म्हणाली.

शांतीबाई थबकल्या. आवाज कुठून येतो ते शोधलं. मग खोक्याकडे पाहून, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "मी शांती आवो बाई. केशोरीची. मनिरामची बहीण."

"कृपया गेट से दूर रहें."

"मनिराम नाई का घरी? मी थांबतो ना. अथीच थांबतो."

खोक्यातल्या बाईने पुन्हा तेच सांगितलं. शांतीबाई एक पाऊल मागे सरकल्या, पण सावली गेटपाशीच होती म्हणून परत आल्या. हात गेटवर टेकवला. आणि भोंगा वाजला.

पिशवी पडली. तांदूळ रस्त्यावर सांडला. भोंगा मिनिटभर वाजत राहिला आणि तेवढा वेळ शांतीबाई खाली बसून दोन्ही हातांनी तांदूळ गोळा करत होत्या. पिशवीत घालत होत्या, पुन्हा गोळा करत होत्या. भोंगा थांबला तरी त्या गोळा करतच होत्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वर पाहिलं. खोक्याला हात जोडले. आणि पिशवी छातीशी धरून मोठ्या रस्त्याकडे चालू लागल्या. ऑटो केव्हाच निघून गेला होता.

रुख्माबाईंनी मुठीतले दाणे टीव्हीपुढे ठेवले.  त्यामुळे मनिरामजींना खोलीत थांबवेना.

अर्जुनीकडे जाणारी संध्याकाळची गाडी गाठली तर बहीण स्टेशनवर भेटेल, या आशेने ते बाहेर धावले. स्कूटर छोट्या दारातून निघेना, मोठं गेट सरकेना. गुड्डूला फोन लावला. "साब, घबराओ मत, सिस्टम अपना काम कर रहा है," तो म्हणाला. मनिरामजींनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा झाडीबोलीत शिवी दिली. तेवढ्यात राहांगडाले सर झोपेतून उठून आले आणि गल्लीत उभं राहून सांगू लागले की मोटरचा कप्पा उघडला तर गेट हाताने सरकतं. कप्प्याचा स्क्रू काढायला गुड्डूचाच पाना लागत होता. "मग स्कूटर आडवी करून काढा," सर म्हणाले. "वजन भागिले दोन." स्कूटर आडवी झाली आणि तशीच अडकली. आता छोटं दारही बंद झालं.

मनिरामजी गेटवर चढले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, एक पाय आत, एक बाहेर, आणि खोक्यातली बाई गोड आवाजात सांगते आहे, "अनजान व्यक्ति. कृपया गेट से दूर रहें." त्यांचा चेहरा यादीत पहिला होता, पण तो असा कधी दिसला नव्हता. पँट गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. गल्लीत माणसं जमली. कुणी हसलं असेल. त्यांचं लक्ष नव्हतं. सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून, फाटलेल्या पँटवर पेपर धरून ते स्टेशनवर पोहोचले.

गाडी निघून वीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते अर्जुनीला गेले, तिथून केशोरीला. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही सरकारी पत्रासारखी झाली होती.

शांतीबाई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत बसल्या होत्या. तोच तांदूळ असावा, खडे निवडून बाजूला ठेवले होते. भावाला पाहून त्यांना आनंद झाला, पण त्या उठल्या नाहीत.

"ये गा मनी. बस. तुह्या घरी कोण बाई राहून राहिली?"

"कोणती बाई?"

"हिमांशुले फोन कराचं ध्यान नाई राहिलं, मी तशीच आली. ते बाई हिंदीत बोलत होती. आवाज मोठा गोड. मी नाव सांगतलं, गाव सांगतलं, तरी म्हणे दूर राहा. मले पहिले वाटलं, पीयूषनं लगन केलं का काय न सांगता. नवी सून असंल, वळखत नसंल." त्या थांबल्या. सूप हलवणंही थांबलं. "मंग मले वाटलं, मीच चुकली. दुसऱ्याच्या घरी आली. गेटही दुसरंच होतं. भोंगा वाजला तवा म्हटलं, आता लोक जमा होतीन, चोर म्हणतीन या वयात."

मनिरामजींची तिन्ही वाक्यं तोंडातच राहिली.

"आता माह्यं काही खरं नाई गा," शांतीबाई म्हणाल्या. "भावाचं घर वळखू येत नाई. हिमांशुले सांगून देल्लं, आता मले एकटीले कुठी धाडू नको. सकाळपासून साऱ्याईची नावं घेऊन पाहून राहिली. नातवाईची, सोयऱ्याईची. नावं तं येतात. घरच कसं चुकलं?"

एक वाक्य मनिरामजींसमोर तयार उभं होतं. 'हो बाई, बाजूच्या गल्लीत गेली असशील.' एवढं म्हटलं की सगळं मिटत होतं. बहिणीला भावाचा राग आला नव्हता, तो यायचं कारणही उरलं नसतं. खात्यात त्यांनी अशी वाक्यं पाहिली होती. फुटलेले कालवे त्या वाक्यांनी बुजत आणि अहवालात पाणी वाहत राहायचं. तोंड उघडलं तेव्हा ते वाक्य अगदी जिभेवर होतं.

शांतीबाई पुटपुटत पुन्हा नावं घेत होत्या. एका नातवापाशी त्या अडखळल्या आणि घाबरून भावाकडे पाहिलं.

"विक्की," मनिरामजींनी सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तू चुकली नाई. घर माह्यंच होतं. ते बाई नोहे, मशीन आहे. अन् भोंगा मी वाजवला."

"तू घरी होता?"

"नाई. ठाण्यात होतो. मोबाइलवरून वाजवला. तू दिसून राहिली होती."

"मी दिसून राहिली होती?"

"हो."

शांतीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे घर बरोबर होतं," त्या म्हणाल्या, आणि आत वळून मोठ्याने ओरडल्या, "हिमांशु, आयक ना गा! घर बरोबर होतं! मी बरोबरच गेली होती!"

हिमांशु दारात आला, मामाला पाहून हसला आणि काही न कळल्यामुळे परत आत गेला.

शांतीबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. दोन-तीनदा पाखडलं. मग वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा. सूप मांडीवर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मंग वाजवला कायले?"

चष्मा नव्हता, हे खरं होतं. कॅमेरा वरून दाखवतो, हेही खरं. मनिरामजींनी यातलं काहीच सांगितलं नाही. यादीतून नाव कधी काढलं, कुणासाठी काढलं, तेही सांगता आलं नाही.

"लोकाईले दाखवाले," ते म्हणाले.

शांतीबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्यांनी भावाला जेवू घातलं. वरण-भात, वांग्याची भाजी, वरून तूप. भात चिन्नोरचाच होता. दुपारी त्या बसपर्यंत सोबत आल्या आणि तांदळाची तीच पिशवी त्यांच्या हातात दिली. "खडे निवडले आहेत," म्हणाल्या, "पण रुख्माले एकदा पाहून घे म्हणजो."

बस निघताना मनिरामजींनी खिडकीतून विचारलं, "बाई, उन्हाळ्यात येशील ना?"

"पाहू," शांतीबाई म्हणाल्या. "आता तूच येत जाय."

झाडीपट्टीत 'पाहू' म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मनिरामजींनी घरी येऊन गुड्डूला बोलावलं आणि सगळं काढायला लावलं. कॅमेरे निघाले, डबी निघाली, भोंगा पुन्हा लग्नांना जाऊ लागला. गेटची मोटर मात्र काढताना रूळ वाकला. आता गेट अर्धं उघडून अडकलं आहे, पुढे जात नाही, मागे येत नाही. राहांगडाले सर म्हणतात, नवं गेट करून घ्या. मंदाबाई म्हणतात, निदान दोरी बांधा. 

उन्हाळा आला आणि गेला. मनिरामजी तीनदा केशोरीला जाऊन आले. दर वेळी त्यांनी बहिणीला चल म्हटलं, आणि दर वेळी काहीतरी काम निघालं. आंबे उतरवायचे होते, हिमांशुची बायको माहेरी गेली होती, गुडघा दुखत होता. गल्लीतली एक गाय रोज दुपारी त्या अर्ध्या गेटमधून आत येते आणि रुख्माबाईंची तुळस खाते. मनिरामजी तिला हाकलायला उठतात, गेटपर्यंत जातात, आणि गाय गेल्यावरही थोडा वेळ रस्त्याकडे पाहत तिथेच उभे राहतात.